जुना कॅमेरा व त्याची फिल्म : तीन हकीकती

१. संग्राहकाच्या कपाटांत जुना कॅमेरा असणें ही एक गोष्ट, व तो पुष्कळ वर्षांनंतरही चालता असणें ही दुसरी. वेट्झलार येथील लाइट्झ ह्यांच्या कारखान्यांत ऑस्कर बारनाक ह्यांनीं घडविलेला लायका कॅमेरा इ. स. १९२५ च्या वसंत ऋतूंत लाइप्झिगच्या जत्रेंत लोकांपुढें आला. सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आडवी सरकवून तीवर २४ × ३६ मिलिमीटरांचें चित्र घेण्याची त्याची रीत आजही प्रचारांत आहे. शटरचें कापड बदललें व वाळलेलें तेल पुसलें कीं असा जुना कॅमेरा पुन्हां कामास येतो. तात्पर्य, यंत्राचें आयुष्य दुरुस्तीनें वाढतें. फिल्म मात्र दुरुस्त करतां येत नाहीं. ती कोणी तरी नित्य नवी करीत राहिलें पाहिजे. म्हणून जुन्या कॅमेऱ्याचा उपभोग किती काळ घडेल हें कॅमेऱ्यावर नव्हे, तर फिल्मवर अवलंबून असतें. ह्या विधानाच्या पुष्ट्यर्थ तीन हकीकती देतों.

२. पहिली कोडॅक्रोमची. लिओपोल्ड मॅनिस व धाकटे लिओपोल्ड गोडाउस्की ह्या दोन संगीतज्ञांनीं सिद्ध केलेली ही फिल्म १९३५ सालीं सिनेमाकरितां व १९३६ सालीं साध्या कॅमेऱ्याकरितां विक्रीस आली. हिचें वैशिष्ट्य असें कीं, चित्राचे रंग फिल्ममध्यें नसतच. तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाची नोंद निरनिराळी घेणारे चांदीच्या क्षारांचे थर तींत असत. त्या थरांत अनुक्रमें आकाशी, किरमिजी व पिवळा रंग धुण्याच्या वेळीं तीन वेगळ्या द्रावांतून उत्पन्न करीत, व शेवटीं चांदी काढून टाकीत. ही क्रिया मोठ्या यंत्रावांचून व रसायनांच्या नित्य तपासणीवांचून साधत नसे. २००९ सालीं कोडॅक कंपनीनें ही फिल्म बंद केल्याचें जाहीर केलें. ती धुणारें जगांतील शेवटचें ठिकाण म्हणजे कॅन्सस राज्यांतील पार्सन्स गांवचें ड्वेन्स फोटो. त्यानेंही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेण्याचें थांबविलें. तेव्हांपासून न धुतलेल्या कोडॅक्रोम रोलाची स्थिति, ज्या घरांत मोडी वाचणारा कोणी उरला नाहीं त्या घरांतील दप्तरासारखी झाली आहे. त्यांतही दप्तराची स्थिति बरी. कारण मोडी पुन्हां शिकतां येते. रोल काळापांढरा धुतल्यास आकृति मिळते, पण रंग मिळत नाहींत.

३. दुसरी हकीकत पोलॅरॉइडची. एडविन लँड ह्यांच्या कंपनीनें १९७२ सालीं एस्एक्स-७० हा घडीचा कॅमेरा काढला. चित्र कॅमेऱ्याबाहेर येऊन डोळ्यांदेखत उमटतें, ही त्याची मौज. त्याची बॅटरी फिल्मच्या पुडक्यांतच असे. अर्थात् फिल्म नाहीं तर कॅमेराही निर्जीव. २००८ सालीं कंपनीनें फिल्म करण्याचें सोडलें. त्याच वर्षीं नेदरलंड्समधील एन्स्खेडे येथील यंत्रसामग्री इम्पॉसिबल प्रॉजेक्ट नांवाच्या लहानशा मंडळीनें घेतली. यंत्रें होतीं, जुने कांहीं कामगारही होते. परंतु पूर्वींचीं रसायनें मिळेनाशीं झालीं होतीं. तीं नव्यानें जुळवून २०१० सालीं त्यांनीं आपली पहिली फिल्म काढली. आरंभींचीं चित्रें बाहेर येतांच उजेडापासून झांकावीं लागत. तरी बंद पडलेले कॅमेरे पुन्हां चालूं लागले, हें खरें.

४. तिसरी एक्टाक्रोमची. हिच्यांत रंग उत्पन्न करणारीं द्रव्यें फिल्मच्या थरांतच घातलेलीं असतात. त्यामुळें धुण्याची रीत पुष्कळ सोपी, व इतर कंपन्यांच्या तशा फिल्मांनाही तीच लागू पडते. कोडॅकनें ही फिल्म बंद केल्यावरही ती रीत इतरांच्या फिल्मांकरितां चालूच राहिली, व २०१८ सालीं एक्टाक्रोम परत आली.

५. तिन्हींवरून निष्पन्न होतें तें असें. जेथें कृति एकाच घराण्याच्या हातीं राहिली तेथें ती त्या घराण्याबरोबर गेली. जेथें जाणते कामगार वेळेवर गांठले तेथें ती अर्धीमुर्धी वांचली. जेथें ती अनेकांच्या हातीं होती तेथें तिला धक्का लागला नाहीं. काळ्यापांढऱ्या फिल्मचा भरंवसा ह्याच कारणानें अधिक. मेटॉल, हायड्रोक्विनोन, हायपो अशा साध्या सामग्रीवर ती घरच्या न्हाणीघरांतही धुतां येते.

६. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळचे न धुतलेले कोडॅक्रोम रोल असतील त्यांनीं ते निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत. काळेपांढरे धुवून घ्यावे. धुतलेलीं चित्रें थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावीं. ह्या फिल्मचे रंग अंधारांत फार टिकतात. प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडांत मात्र विटतात. आणि कॅमेरा संग्रहीं घेतांना त्याबरोबर त्याची फिल्म धुण्याची कृतिही लिहून ठेवावी. पोथी जपणारे पुष्कळ असतात. शाई करण्याची कृति जपणारे थोडे.