बँडवाल्याचा बाजा आणि दिनाँची स्पर्धा

लग्नसराईत मानखुर्दला वरातींना तोटा नसतो. बँडमध्ये वाकड्या सोंडेचा जो पितळी बाजा असतो, तो सॅक्सोफोन. आमच्या वस्तीतला एक तरुण तो वाजवतो. परवा त्याची आई मला म्हणाली, “भाऊ, त्याला जरा समजवा. बँडवाल्याला मुलगी कोण देणार?”

मी कारकुनी करणारा माणूस, सुरातले मला फारसे कळत नाही. पण या वाद्याची हकीकत वाचली होती, ती मावशींना सांगितली.

अडॉल्फ सॅक्स यांचा जन्म १८१४ साली बेल्जियममधील दिनाँ गावी झाला. वडील वाद्ये बनवणारे कारागीर. सॅक्स यांनी अंग पितळेचे, पण तोंडाशी बोरूची पातळ पट्टी, असे नवे वाद्य तयार केले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडने ते उचलले. इतर कारखानदारांना मात्र ते खपले नाही. त्यांनी सॅक्स यांना वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत अडकवले. तीनदा दिवाळे निघाले. १८९४ साली गरिबीतच त्यांचा अंत झाला.

पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयात १८५७ पासून ते लष्करातील वादकांना शिकवत. तो वर्ग १८७० साली बंद पडला आणि पुन्हा सुरू व्हायला १९४२ साल उजाडले! म्हणजे तब्बल ७२ वर्षे हे वाद्य शाळेच्या उंबरठ्याबाहेर. नव्या वर्गाचे शिक्षक मार्सेल म्यूल हेही लष्करी बँडमधूनच आलेले. (बँडवाल्याला हसणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.)

सॅक्स यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९४ साली, त्यांच्या नावाने दिनाँमध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तिथे वरातीची गाणी नव्हेत, पाश्चात्त्य शास्त्रीय रचना वाजवायच्या असतात. पहिले बक्षीस फ्रान्सच्या व्हिन्सेंट डेव्हिड यांना मिळाले. २०१९ साली जपानचे केंटा सायतो विजयी झाले.

आपल्याकडे कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये हे वाद्य ऐकले. नागस्वरम वाजवणाऱ्याचा हा मुलगा. कर्नाटक संगीतातील गमक सॅक्सोफोनवर निघावेत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेतली, वाद्यातही फेरफार केले. त्याच १९९४ साली ते लंडनच्या बी.बी.सी. प्रॉम्स महोत्सवात वाजवून आले. २००४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली ते गेले. आणि ‘आराधना’तले ‘रूप तेरा मस्ताना’ आठवते ना? त्यातला सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. मुलगा दाराशी उभा होता. त्याला म्हटले, “तू कानाने ऐकून वाजवतोस, ते चांगलेच. पण अशा स्पर्धेत उतरायचे तर नोटेशन वाचता आले पाहिजे.”

तो गप्प राहिला. मावशीच म्हणाल्या, “वाचायला शिकायचंय एवढंच ना? मग शिकेल की. रविवारी बँडची सुपारी नसली, की पाठवते.”