दहावीचा इंग्रजीचा पेपर : पालकांसाठी

कासार आंबोलीसारख्या मुळशीतल्या गावात दहावीच्या मुलांचे आईबाप म्हणतात, "इंग्रजीचं आम्हाला काय कळतंय?" अक्षर वाचता आलं नाही तरी परीक्षेची रचना मात्र कुणालाही समजते.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाली. आज मराठी माध्यमात ती तृतीय भाषा असून, पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक' आहे. 'इंग्लिश कुमारभारती' हे इंग्रजी माध्यमाचं पुस्तक. गाईड घेताना तेवढं बघून घ्या.

विषय 100 गुणांचा. त्यातले 20 शाळेकडे, अंतर्गत मूल्यमापनाचे. त्यात ऐकणं-बोलणंही येतं. उरलेले 80 बोर्डाच्या तीन तासांच्या लेखी पेपरचे. पुस्तकातले उतारे आणि कविता मिळून 30 गुण. न पाहिलेल्या उताऱ्याला 15, पत्र-बातमीसारख्या लेखनाला 20, व्याकरण-शब्दसंपदेला 10 आणि मराठीत भाषांतराला 5. म्हणजे 50 गुण पुस्तकाबाहेरचे. नुसती घोकंपट्टी केली तर इथेच गाडी अडते.

उत्तीर्ण व्हायला 100 पैकी साधारणपणे 35 गुण लागतात. विषय राहिला तरी वर्ष वाया जातंच असं नाही; पुरवणी परीक्षा असते.

घरी एकच करा : रोज पंधरा मिनिटं मुलाला इंग्रजी उतारा मोठ्यानं वाचायला लावा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगायला सांगा. त्याला सांगता आलं, तर समजलंय. अडखळलं, तर उद्या बाईंना विचारायचा प्रश्न सापडला.