वारा थांबला की इंजिन तापतं

ऑफिस सुटायच्या वेळी हिंजवडीहून वाकडकडे दुचाकीवर मुंगीच्या पावलानं सरकताना पोटऱ्यांना धग लागते, न्यूट्रल लागता लागत नाही आणि गाडी बिघडली अशी शंका येते. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं, फक्त वारा थांबलेला असतो.

पेट्रोलमधली जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोचते. उरलेली उष्णता सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. एअर-कूल्ड इंजिनावरच्या पातळ फिन्स ती हवेला देतात, पण त्यासाठी गाडी धावायला हवी. स्कूटरचं इंजिन झाकलेलं, म्हणून तिच्यात फ्लायव्हीलवरच पंखा असतो. सिग्नललाही तो फिरत राहतो. लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंट शंभर अंशांच्या आसपास गेलं की रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. त्याचा गरम झोत पायांवर येतो खरा, पण तेव्हा इंजिन वाचत असतं.

साध्या मोटारसायकलला असा पंखा नाही. तिथे सगळी भिस्त ऑइलवर. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल. आपण मात्र रांगेत पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर गाडी रेटत राहतो. क्लचच्या प्लेट्स एकमेकींवर घासतात, ती उष्णताही त्याच ऑइलमध्ये उतरते, ते पातळ होतं. तापलेला क्लच पुरता सुटत नाही, म्हणूनच न्यूट्रल लागत नाही. माझ्या मते शहरात इंजिनापेक्षा क्लच आधी मरतो, आणि तो आपल्या डाव्या हातानं मरतो. पुढे दोन गाड्यांची जागा होईपर्यंत न्यूट्रलवर थांबावं, मग क्लच पूर्ण सोडून पुढे जावं. लांब सिग्नलला इंजिन बंदच करावं. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघावी. साइड स्टँडवर ती खोटी दिसते. रोज कोंडीतून जाणाऱ्यांनी ऑइल किलोमीटर भरण्याआधीच बदललेलं बरं, कारण रांगेत उभं राहून झालेली झीज मीटरवर दिसत नाही.

पिकअप पडला, इंजिनातून ठोक्याचा आवाज आला, तर मात्र गाडी लगेच कडेला घ्या आणि बंद करा. नंतर येणारी टिकटिक म्हणजे आकसणारा धातू, तिला घाबरू नका. तापल्या ब्लॉकवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. रेडिएटर असेल तर निवेपर्यंत झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.