हॅलो, पलीकडे कोणीतरी आहे!

हेल्पलाईन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मोबाईल कंपनीची. एक दाबा, दोन दाबा, मग तेच ते म्युझिक, आणि मध्येमध्ये एक बाई सांगत राहते की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे! शेवटी आपणच कंटाळून फोन ठेवतो. त्यामुळे ‘मनावर ताण आलाय? फोन करा’ असं पोस्टर मेसच्या भिंतीवर लागलं की होस्टेलवर त्याचे विनोद सुरू होतात. ‘उदास असाल तर एक दाबा, फारच उदास असाल तर दोन दाबा.’

विनोदाला माझी हरकत नाही, मीही हसते. पण त्या पोस्टरवरच्या नंबरापलीकडे नेमकं कोण बसलेलं असतं आणि फोन उचलल्यावर तो माणूस काय बोलतो, हे विचारलं तर दहापैकी नऊ जणांना सांगता येणार नाही. कोणी म्हणेल डॉक्टर असतो, कोणी म्हणेल लेक्चर देतात, कोणी म्हणेल लगेच घरी कळवतात. म्हणून मित्रांनो, हा लेख.

याची सुरुवात झाली लंडनमध्ये. चॅड व्हारा नावाचा एक पाद्री होता. १९३५ साली, अगदी नवखा असताना, त्याने चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला. तिने जीव दिला होता. कारण काय, तर तिची पाळी सुरू झाली होती आणि तिला वाटलं की आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय. विचारायला कोणीच नव्हतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटलं, किती साधं होतं हे! एका बाईने दोन मिनिटं तिच्याशी बोलली असती तर पुरलं असतं.

व्हाराच्या डोक्यातून ती मुलगी गेली नाही. पुढे अठरा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, त्याने सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमध्ये एक फोन सुरू केला. आग लागली, चोर आला, तर इंग्लंडमध्ये तेव्हाही ९९९ फिरवता येत होतं. मग जीव नकोसा झाला तर कोणता नंबर फिरवायचा, असा त्याचा साधा हिशोब. त्याला सोपा नंबर हवा होता, मॅन्शन हाऊस ९०००. तो सांगायचा की चर्चमधल्या जुन्या फोनवरची धूळ पुसली तर त्याच्यावर हाच नंबर आधीपासून होता! (हा गृहस्थ त्या काळी ‘ईगल’ नावाच्या मुलांच्या कॉमिकसाठीही लिहायचा. असा पाद्री आपल्याला शाळेत का भेटला नाही, हा माझा प्रश्न.)

आता खरी गंमत पुढे आहे. वर्तमानपत्रात बातमी आली तसे लोक फोन करायला लागले आणि प्रत्यक्षही यायला लागले. व्हारा एकटा. तो आत एकाशी बोलतोय तोवर बाकीचे बाहेर ताटकळत. म्हणून काही साधी माणसं मदतीला आली, त्यांचं काम काय तर बाहेर बसलेल्यांना चहा देणं आणि जरा गप्पा मारणं. थोड्याच दिवसांत व्हाराच्या लक्षात आलं की बरेच जण चहा पिऊन, बोलून, मन हलकं करून परत जातायत. आत यायची त्यांना गरजच उरत नाहीये! १९५४ च्या फेब्रुवारीत त्याने फोन या स्वयंसेवकांच्या हातात देऊन टाकला. संस्थेचं नाव पडलं ‘समॅरिटन्स’. आज ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्यांच्या दोनशेच्या आसपास शाखा आहेत आणि वीस हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत. त्यात शिक्षक, दुकानदार, रिटायर झालेले, विद्यार्थी, सगळे. पाद्र्याने काढलेली संस्था असूनही फोनवर धर्माचं बोलायला सक्त मनाई.

म्हणजे पलीकडे डॉक्टर नसतो. शिकवलेला, पण साधा माणूस असतो. हे ऐकून काहींचा विश्वास उडेल. मला उलट वाटतं. आजारावर उपचार करणं हे डॉक्टरचंच काम, त्यात वाद नाही, आणि या सेवा स्वतःही तसंच सांगतात. पण रात्री दोन वाजता छातीवर जे ओझं येतं त्याला त्या क्षणी औषध नको असतं, जागा असलेला माणूस हवा असतो.

मग शिकवतात काय? ऐकायला. आपल्याला वाटतं, त्यात काय शिकायचं, कान आहेत की! समजा एकाने सांगितलं, ‘माझे एम-थ्री आणि स्ट्रेंथ दोन्ही राहिले, वायडी लागलं.’ आपण लगेच काय म्हणतो? ‘अरे त्यात काय! आपल्या त्या सीनियरचे पाच राहिले होते, आज अमेरिकेत आहे.’ हेतू चांगला. पण समोरच्याला कळतं ते इतकंच, की याला पुढचं ऐकायचं नाहीये. स्वयंसेवक अशा वेळी म्हणेल, ‘दोन्ही राहिले... निकाल लागल्यापासून कसे गेले दिवस?’ आणि गप्प बसेल. ही शांतता फार कठीण असते म्हणे. आपल्याला दहा सेकंदसुद्धा सहन होत नाहीत, आपण ती भरून काढतो. ती भरली नाही की बोलणारा हळूहळू पुढे सरकतो. मग कळतं की प्रश्न स्ट्रेंथचा नाहीच. वडिलांनी जमीन गहाण टाकून फी भरलीय आणि दिवाळीला घरी जायचंय, हा प्रश्न आहे. (हे उदाहरण माझ्या मनातलं आहे. पण आपल्या होस्टेलवर त्यासाठी कल्पना फार ताणावी लागत नाही.)

सल्ला द्यायचा नाही, हा दुसरा नियम. तू असं कर, तू तसं करू नकोस, हे नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात धक्कादायक वाटली. बोलणं तिकडे झुकतंय असं वाटलं तर स्वयंसेवक सरळ विचारतो, ‘आत्महत्येचा विचार मनात येतो का?’ आपल्याला भीती वाटते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही, हे आता अभ्यासाने नीट कळलेलं आहे. ज्याच्या मनात तो विचार असतो त्याला उलट सुटल्यासारखं वाटतं, कारण तोपर्यंत तो शब्द कोणी उच्चारायलाच तयार नसतो.

नाव सांगावं लागत नाही. आपण सांगितलेलं कोणाला कळेल, हे ज्या त्या सेवेच्या नियमांवर असतं. समॅरिटन्समध्ये अगदी मोजके अपवाद सोडले तर बाहेर काही जात नाही. फोन लागल्यावर ‘हे कोणाला कळणार का?’ असं पहिल्यांदाच विचारून घ्यावं, त्यात कोणाला राग येत नाही. नुसतं रडलं तरी चालतं. काही जण तर फोन करून काहीच बोलत नाहीत, पलीकडचा तरीही थांबतो. स्वयंसेवकाचीही सोय असते. ड्यूटी संपल्यावर काय ऐकलं ते तो आपल्या प्रमुखाला सांगून मोकळा होतो आणि मगच घरी जातो. नाहीतर ते सगळं घरी, जेवणाच्या ताटापर्यंत जाईल ना!

आता ईअँडटीसीवाल्यांनी जरा कान टवकारा, कारण हे आपल्या सिलॅबसमधलं आहे. अशा सेवेला माणसं किती लागतात?

अर्लांग आठवतोय? तोच, कोपनहेगन टेलिफोन कंपनीतला डॅनिश गणिती, ज्याचा १९१७ चा फॉर्म्युला आपण ओरलच्या आदल्या रात्री पाठ करतो. समजा एका छोट्या शहरातल्या सेवेला तासाला सरासरी २ फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी ३० मिनिटं चालतो. म्हणजे ट्रॅफिक झालं १ अर्लांग. तासाला एक तासाचं काम! मग एक स्वयंसेवक पुरे, असं कोणीही म्हणेल. पण फोन रांगेने येत नाहीत, कधीही येतात. अर्लांग-बी मध्ये घालून बघा. एकच लाईन असेल तर निम्म्या फोनना एंगेज टोन मिळतो, ५० टक्के! दोन स्वयंसेवक बसले तर २० टक्के. तिघे बसले तर साधारण ६ टक्के आणि चौघे बसले तर दीड टक्का.

या फॉर्म्युल्यात एक गृहीतक आहे, जे आपण उत्तरपत्रिकेत दोन मार्कांसाठी लिहितो. ज्याला लाईन बिझी मिळाली तो निघून जातो, परत फोन करत नाही. घरच्या फोनला हे काही खरं नाही, आपण पाच वेळा रिडायल करतो. पण ज्याने तीन रात्री धीर गोळा करून एकदा नंबर फिरवला, त्याच्या बाबतीत हे गृहीतक खरं ठरू शकतं. एका माणसाचे दोन झाले की ५० चे २० होतात, हे गणित मी कितीतरी वेळा सोडवलं होतं. त्याचा अर्थ असा असू शकतो हे कुठल्या टेक्स्टबुकात लिहिलेलं नाही.

भारतात हे काम नवीन नाही. चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली ‘स्नेहा’ सुरू केली, ती स्वयंसेवकांवरच चालते. बोर्डाच्या निकालाच्या दिवसांत त्यांच्याकडे मुलांचे फोन येत. वर्ष वाया जातं या भीतीवर उपाय म्हणून नापास झालेल्यांची परीक्षा लगेच परत घ्यावी, असा त्यांनी पाठपुरावा केला आणि तमिळनाडूत तशी परीक्षा सुरूही झाली. म्हणजे फोनवर ऐकलेलं बाहेर नियम बदलायलाही उपयोगी पडलं. आपल्याजवळ पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून आहे, तीही स्वयंसेवकांची.

कायद्याची भीती हा आणखी एक अडसर होता. व्हाराने फोन सुरू केला तेव्हा इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हाच होता, १९६१ पर्यंत. आपल्याकडे आयपीसीचं कलम ३०९ होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं ठरवलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं आणि त्याला शिक्षा नाही, मदत द्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते जुनं कलम घेतलेलंच नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवला आहे.) तेव्हा ‘बोललो तर पोलीस केस होईल’ हे आता डोक्यातून काढून टाका.

आणि भाषा. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ‘डिप्रेशन’, ‘अँग्झायटी’ हे शब्द माझ्या तोंडात पटकन येतात आणि त्यांच्यामागे लपायलाही बरं पडतं. माझी रूममेट लातूरकडची. ती ‘डिप्रेशन’ म्हणत नाही, ‘जीव लागत नाही कशात’ म्हणते, ‘आतून भरून येतंय’ म्हणते. मला वाटतं तिचं वाक्य जास्त अचूक आहे. पण ते वाक्य ज्याला कळेल असा माणूस फोनवर पाहिजे. छापील इंग्रजीत ‘हाऊ आर यू फीलिंग’ विचारलं तर ती ‘फाईन’ म्हणून ठेवून देईल. म्हणून अशी सेवा आपल्या भागातली, आपल्या बोलीची माणसं चालवतात तेव्हा तिचा उपयोग वेगळाच असतो.

सरकारचीही सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली-मानस’ सुरू झाली, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिथे स्वयंसेवक नाहीत, नेमलेले समुपदेशक असतात, आणि गरज पडली तर ते पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात. नॅशनल क्राईम रेकॉर्ड्स ब्युरोच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. दिवसाला ३५ हून जास्त! त्यामुळे सरकारी की स्वयंसेवी, या वादात पडायचं कारण नाही, दोन्ही लागतात.

राहता राहिला आपला मजला. पीएल सुरू झाली की एखादा मेसला यायचा बंद होतो, कोणाशी बोलत नाही, आवडती कॅसिओची कॅल्क्युलेटर सहज देऊन टाकतो, ‘आता काय उपयोग’ म्हणतो. अशा वेळी दार वाजवा, बसा, विचारा, आणि वर सांगितलं तसं गप्प बसून ऐका. तुमच्यासमोर बसून १४४१६ लावायला त्याला सोबत करा. आणि जिवाला आत्ताच धोका आहे असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका. एकाने तिथे थांबायचं, दुसऱ्याने रेक्टरना उठवायचं आणि ११२ ला फोन करायचा. ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ त्याने घातली असेल, तरी ती या वेळेपुरती मोडायची. रेक्टर सरांनाही एक विनंती आहे. ते पोस्टर मेसच्या भिंतीवर आहे, जिथे चाळीस जण बघत असतात. तिथे उभं राहून कोण नंबर उतरवून घेणार? ते बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा.