गाडीची दुसरी टाकी

नांदेडहून किनवट-माहूरकडे किंवा लातूरहून एखाद्या आडवळणाच्या गावी जीप घेऊन जाणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. डांबरी सडकेवर जेवढ्या डिझेलात मजल गाठता येते, तेवढ्यात पावसाळ्यातल्या काळ्या मातीतून ती गाठता येत नाही. चारही चाकांना जोर देऊन खालच्या गिअरात गाडी काढायची, म्हणजे डिझेल जास्त जळणारच. मग दुसरी टाकी बसवून घ्यावी, असे मनात येते. विचार चांगला, पण त्यात एक गोम आहे.

तुम्ही म्हणाल, गोम कसली? दोन टाक्यांमध्ये एक कॉक लावला की झाले! पण डिझेल इंजिनाची रीत निराळी. पंप जेवढे डिझेल ओढतो, तेवढे सारे जळत नाही. उरलेले दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. आता डिझेल घेतले नव्या टाकीतून आणि परतीची नळी राहिली जुनीला, तर काय होईल? जुनी भरलेली असली तर उतू जाईल आणि नवी अवेळी रिकामी होईल. म्हणून कॉक लावायचाच, तर दोन्ही नळ्या एकदम फिरवणारा हवा.

याहून सोपी तऱ्हा अशी. इंजिनाच्या दोन्ही नळ्या मूळ टाकीलाच राहू द्या. दुसरी टाकी केवळ साठ्याची. मूळ टाकी अर्ध्यावर आली, की विजेच्या लहान पंपाने तिच्यात डिझेल सोडा आणि ती भरण्याआधी पंप बंद करा. मूळ टाकी कोरडी मात्र पडू देऊ नका. नळीत हवा शिरली की इंजिन बंद पडते. कॉमन रेल जातीच्या गाडीत तर डिझेल हेच पंपाचे वंगण. तिथे पंपच बिघडायचा.

टाकी चासीला घट्ट बांधा, सायलेन्सरपासून दूर. ६० लिटर डिझेलचे वजन सुमारे ५० किलो; ते खड्ड्यांत हिंदकळते, म्हणून आत आडपडदे हवेत. आतून जस्ताचा मुलामा नको. त्याने डिझेलात गाळ धरतो. हवेची नळी उंच न्या, म्हणजे ओढा ओलांडताना पाणी शिरणार नाही. उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नका. २५ अंशांनी तापले तर ६० लिटर डिझेल सव्वा लिटरभर फुगते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतल्या फेरफारावर बंधने आहेत. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात विचारा, विमा कंपनीलाही कळवा. आणि काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी फिटरला एवढे विचारायला विसरू नका: बाबा, परतीची नळी कुठे जोडलीस?