गाद्याचे नाव

हिवाळ्यातल्या सकाळी दापोली तालुक्यातील कर्दे गावच्या किनाऱ्यावरून होडीने बरेच आत गेल्यावर, तांडेलाने यंत्र बंद करून होडी लाटांच्या स्वाधीन केली, म्हणजे गाद्याची पहिली वर्दी डोळ्यांच्या आधी कानांना लागते. लोहाराने भाता एकदाच दाबावा तसा 'फूस' असा उच्छ्वास होतो, तुषारांचा लहानसा झोत उडतो, आणि मग वशिंडासारखा उंचवटा असलेली राखी पाठ संथपणे वर येऊन, वळून, नाहीशी होते. कोकणातील कोळी ज्याला गादा म्हणतात तो हा डॉल्फिन. त्याला मासा म्हणण्याचा प्रघात असला, तरी तो उष्ण रक्ताचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे. त्याचा प्रत्येक श्वास इच्छापूर्वक घेतलेला असतो, आणि म्हणून त्याला गाढ झोपणे परवडत नाही: मेंदूचा एक अर्धा भाग विसावतो तेव्हा दुसरा जागा राहून पहारा करतो.

होडीतून आपल्याला दिसते ती पाठ. त्याचे खरे जग पाण्याखाली आहे आणि ते नादाचे आहे. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात नजर फार दूर पोहोचत नाही. ध्वनी मात्र तेथे सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. डोक्यावरील श्वासछिद्राच्या खाली, नासिकामार्गात, ओठांसारख्या घड्यांच्या दोन जोड्या असतात. त्यांच्यामधून हवा दाबून नेली की टिक्-टिक् असे अतिसूक्ष्म नाद उमटतात. कपाळातील मेदाचा गोळा भिंगासारखा त्यांना एकवटून पुढे सोडतो, आणि समोरच्या वस्तूवर आपटून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातील मेदामधून अंतःकर्णापर्यंत जातो. गंगेतल्या सोंस नावाच्या डॉल्फिनाच्या डोळ्यात तर भिंगच नसते, त्याला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे काही कळत नाही, आणि तरीही त्या मातकट प्रवाहात तो मासा अचूक पकडतो.

या नादमय मुलखात ओळखही नादाचीच असणार. बाटलीनाक्या डॉल्फिनांपैकी प्रत्येकाची एक स्वतंत्र शिटी असते, ही गोष्ट कॉल्डवेल दांपत्याने 1965 साली प्रथम मांडली. पिलू जन्मल्यावर काही महिन्यांतच आपली शिटी स्वतःच घडवते, आणि कळपापासून दूर पडल्यावर तीच पुन्हा पुन्हा वाजवते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर संशोधकांनी मोकळ्या समुद्रातील डॉल्फिनांना त्यांच्याच शिट्यांच्या यंत्रावर घडवलेल्या प्रती ऐकवल्या, तेव्हा ज्याची शिटी असे तो ती उच्चारून ओ देई. हा दाखला 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाच्या जेसन ब्रक यांनी बेली नावाच्या मादीची हकीकत जाहीर केली. लहानपणी ती ॲली नावाच्या मादीबरोबर एका तळ्यात राहिली होती. पुढे दोघींची ताटातूट झाली, आणि 20 वर्षे 6 महिन्यांनंतर ॲलीची शिटी ध्वनिवर्धकातून ऐकताच बेलीने ती ओळखली.

डॉल्फिनाच्या बुद्धीचा प्रश्न निघाला की आरशाचा प्रयोग सांगितला जातो. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयात दोन डॉल्फिनांनी आपल्या अंगावर काढलेल्या खुणा आरशात न्याहाळल्या, हे 2001 साली सिद्ध झालेच आहे. परंतु आरसा ही डोळ्यांनी जगणाऱ्या आपल्या जातीची कसोटी आहे. वीस वर्षे जपलेले सोबतिणीचे नाव हीच मला त्याहून थोर साक्ष वाटते, कारण ती त्यांच्याच भाषेत दिलेली आहे. कोकणातला गादा बाटलीनाक्याहून वेगळ्या जातीचा. शिट्या तोही घालतो, आणि होडीच्या पंख्याचा कर्कश आवाज पाण्यात पसरला म्हणजे त्या शिट्या त्यात बुडून जातात. आपण अवघ्या घटकाभराच्या हौसेसाठी त्यांच्या कळपावर यंत्र घालतो, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर पट्टीच बांधतो आणि आई-लेकरांच्या हाकाही तोडतो.

त्या सकाळी आमच्यापासून थोड्या अंतरावर एक मादी आणि तिच्या कुशीला लागलेले पिलू संथपणे वरखाली होत होते. मागून दुसरी होडी भरधाव आली, आणि दोघेही बुडाले. होडी लांब निघून गेल्यावर, पाणी पुरते निवल्यावर, खडकांच्या बाजूला एक 'फूस' ऐकू आली. आणि आम्ही सारे श्वास रोखून बसलो असता, पुष्कळ वेळाने, तिच्या अगदी लगत, दुसरी, लहान.