पाती कुठं सापडली?

सकाळी 10. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या पुरातत्त्व संग्रहालयाची कुलपं निघतात. मावशी फरशी पुसून घेतात, मी काचा.

10:30. शाळेची सहल येते. हातकुऱ्हाडीपाशी ठरलेला प्रश्न येतोच: "सर, हा दगड माणसानंच घडवला कशावरून?" सरावासाठी हल्ली फोडलेला एक छिलका मी मुलीच्या तळहातावर ठेवतो. ठोका बसला तिथं फुगवटा असतो, तो ती अंगठ्यानं चाचपते. मग कपाटातली कुऱ्हाड पुन्हा बघते: दोन्ही अंगांनी छिलके काढलेत, टोक साधलंय. वाहत्या पाण्यात दगड गोटा होतो, त्याला अशी धार येत नाही.

11:30. आता इनामगावच्या वस्तू. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं हे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. 1968 पासून आमच्या कॉलेजातल्याच माणसांनी ते वर्षानुवर्षं उकरलं. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले, आत लहान मूल. इथं मुलं आपोआप गप्प होतात. मातीच्या पेटीसोबत निघालेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती मला सगळ्यांत जवळची. तिच्या पोटाला भोक आहे, सोबतच्या बैलाच्या पाठीलाही. मधे काडी घातली की ती बैलावर बसते. दोन्ही कच्च्या मातीच्या, न भाजलेल्या. तरी टिकल्या!

1 वाजता डबा.

2. नोंदणी. दगडी पात्यावर पारदर्शक लेप, वाळला की बारीक निबानं गाव, खड्डा, थर, क्रमांक, वर पुन्हा लेप. अक्षर बिघडलं तर पुसून पुन्हा. सगळ्या दिवसात मी सर्वांत जपून करतो ते हेच काम.

4. एक काका पिशवीभर पाती घेऊन येतात. गारगोटीची, नखाएवढी, सुरेख.
"काका, कुठं सापडली?"
"नदीकाठी. दोन-तीन गावांतली आहेत, आता एकत्र झाली."
थर गेला, जागा गेली. कोणत्या वस्तीची, कशासोबत पडलेली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. काकांनी मायेनं जपली होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

5:30. वहीत सही, कुलूप.

शेतात, ओढ्याकाठी अशी पाती दिसली तर कृपा करून उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून जागेवरच फोटो काढा, गावाचं नाव आणि गट नंबर लिहा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा आम्हाला कळवा.